‘शार्क’ कुणाचा शब्द? १५६९ च्या एका पत्रकाचं प्रकरण

१६ जून १५६९, गुरुवार. इंग्लंडचं डोव्हर आणि फ्रान्सचं कॅले यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रात काही इंग्रज मच्छीमार मॅकरेल धरत होते. मॅकरेल हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. तोही घोळक्यानं फिरतो आणि घोळक्यामागे मोठे मासे लागतात. त्या दिवशी असाच एक प्रचंड मासा मॅकरेलच्या मागावर येऊन थेट जाळ्यात घुसला. त्यानं जाळी फाडली, धिंगाणा घातला, आणि आत काय अडकलंय हेच मच्छीमारांना बराच वेळ कळेना. जाळ्याचा उपयोग नाही म्हटल्यावर हाताशी होती ती अवजारं वापरून त्यांनी त्याला कसाबसा धरला.

शुक्रवारी तो लंडनच्या बिलिंग्सगेट धक्क्यावर आला आणि बघ्यांची गर्दी झाली. शनिवारी न्यू फिश स्ट्रीटवरच्या मासळी व्यापाऱ्यांनी तो विकत घेतला. किंमत ठरवताना फाटलेल्या जाळ्यांची भरपाई धरली, मच्छीमारांची मेहनतही धरली. मग मासा सोलला, कातडं अखंड ठेवलं, एक तुकडा भाजून चाखला. वासराच्या मांसासारखा पांढरा, चवीला चांगला, जरा वेगळा. उरलेला त्याच दिवशी विकला. ‘कॅसल’ आणि ‘किंग्ज हेड’ या दोन खानावळींनी बराच माल उचलला आणि भाजून खपवला.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते एका एकपानी छापील पत्रकामुळे. फ्लीट स्ट्रीटवरच्या थॉमस कोलवेल नावाच्या मुद्रकानं ते छापलं, खाली लेखकाची नुसती आद्याक्षरं आहेत: सी. आर. वर माशाचं चित्र, खाली मजकूर. हा सी. आर. कोणी का असेना, माणूस नीट बघणारा होता. मासा सतरा फूट लांब, तीन फूट रुंद, घेर सहा फुटांचा. तोंड बोथट, डोकं आखूड, दोन्ही जबड्यांत दातांच्या तीन-तीन रांगा, दात फार धारदार पण छोटे. डोळे घोड्याच्या डोळ्यांएवढे, काळीज बैलाच्या काळजाएवढं. पोटातली बाकीची सगळी घाण मात्र एका टोपीत मावली असती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच कल्ले. पाठ काळपट, पोट पांढुरकं, शेपूट सडपातळ पण पाण्यात तिला जबरदस्त जोर. आणि अंगात हाड एकच, डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेला पाठीचा कणा.

मोरी आणि मुशी ही शार्कचीच नावं; गोव्यात मोरीचं आंबटतीक खाणाऱ्याला किंवा कोकणात मुशीचं कालवण करणाऱ्याला हे वाचताना वेगळं काही सांगावं लागणार नाही. पांढरं मांस, काटा नाही, मधे एक मऊसर कणा. वर्णनावरून, विशेषतः त्या सडपातळ आणि जोरकस शेपटीवरून, मला तो थ्रेशर जातीचा वाटतो. हा मासा शेपटीचे फटके मारून लहान मासळीचे घोळके विस्कटतो, आणि मॅकरेल हे त्याचं नेहमीचं खाद्य आहे.

पण या पत्रकाला भाषेच्या इतिहासात जी जागा मिळाली ती शेवटच्या दोन ओळींमुळे. सी. आर. लिहितो की या माशाला काही खास नाव असल्याचं मला माहीत नाही, फक्त कॅप्टन हॉकिन्सची काही माणसं त्याला ‘शार्क’ म्हणतात. आणि मग जाहिरात: फ्लीट स्ट्रीटवर ‘रेड लायन’मध्ये तो पाहायला मिळेल.

या एका वाक्यावर पुढे जवळजवळ चारशे वर्षांनी एक अख्खा सिद्धान्त उभा राहिला. तो फार आकर्षक होता, अजूनही ठिकठिकाणी ठामपणे सांगितला जातो, आणि तो चूक आहे. तो का पटला आणि कशानं पडला, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

पत्रक काय सांगतं आणि काय सांगत नाही

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या पहिल्या आवृत्तीनं ‘शार्क’ची नोंद करताना हे पत्रक समोर ठेवलं. कोशाचं म्हणणं थोडक्यात असं: हा शब्द हॉकिन्सच्या मोहिमेतल्या खलाशांनी इंग्रजीत आणलेला दिसतो, त्यांनी माशाचा एक नमुना मायदेशी आणला आणि तो १५६९ मध्ये लंडनला मांडला गेला. शब्द त्यांना कुठून मिळाला याचा पत्ता लागत नाही. जाता जाता कोशानं ऑस्ट्रियातल्या जर्मन बोलीतल्या ‘शिर्क’ या शब्दाकडेही बोट दाखवलं. तो स्टर्जन माशाचा वाचक आहे.

आता पत्रक पुन्हा वाचा. मासा हॉकिन्सच्या लोकांनी आणलेला नाही. तो इंग्लंडच्या दारात, मॅकरेल धरणाऱ्या स्थानिक मच्छीमारांच्या जाळ्यात सापडला. हॉकिन्सच्या माणसांनी केलं एवढंच, की दुसऱ्यांनी पकडलेला मासा पाहून त्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते नाव घडवलं, किंवा परदेशातून आणलं, असं पत्रकात एका अक्षरानंही म्हटलेलं नाही. ती तसं ‘म्हणतात’, इतकंच.

हा फरक बारीक वाटेल, पण सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरतं. ‘नमुना त्यांनी आणला’ हे एकदा मानलं, की ‘मग नावही तिकडूनच आणलं असणार’ हे आपसूक मागोमाग येतं. इतक्या काळजीनं रचलेल्या कोशाच्या हातून हे कसं निसटलं, याचं मला खरोखर नवल वाटतं. आणि कोशात छापलं गेल्यावर मूळ पत्रक उघडून पाहायची गरज फारशा कुणाला वाटली नाही.

हॉकिन्स आणि त्याचे खलाशी

जॉन हॉकिन्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सिद्धान्ताची पुढची पायरी त्याच्या प्रवासावर बेतलेली आहे. हा प्लिमथचा माणूस, आणि त्याचा धंदा गुलामांचा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडायची किंवा विकत घ्यायची, जहाजात कोंबून अटलांटिकपार न्यायची आणि कॅरिबियन किनाऱ्यावरच्या स्पॅनिश वसाहतींना विकायची. राणी एलिझाबेथनं स्वतःचं जहाज यात गुंतवलं होतं. हॉकिन्सला मिळालेल्या मानचिन्हावर दोरानं बांधलेला आफ्रिकी माणूस कोरलेला होता.

तिसरी मोहीम ऑक्टोबर १५६७ मध्ये सहा जहाजांनिशी निघाली. त्यातलं ‘जुडिथ’ हे जहाज पुढे फ्रान्सिस ड्रेकच्या ताब्यात होतं. आफ्रिकेतून माणसं घेऊन ती मार्गारिटा, बोरबुराता, रिओ दे ला आचा, कार्ताखेना अशी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यानं फिरली. परतीच्या वाटेवर वादळानं जहाजं मेक्सिकोच्या आखातात फेकली. दुरुस्तीसाठी ती व्हेराक्रुझजवळच्या सान हुआन दे उलुआ बंदरात शिरली आणि सप्टेंबर १५६८ मध्ये स्पॅनिश ताफ्याशी तिथे लढाई झाली. त्यातून ‘मिनियन’ आणि ‘जुडिथ’ एवढी दोनच इंग्रज जहाजं निसटली. अन्न पुरेना म्हणून हॉकिन्सनं शंभराच्या आसपास माणसं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरवली. जानेवारी १५६९ मध्ये तो इंग्लंडला पोचला.

म्हणजे जूनमध्ये फ्लीट स्ट्रीटवर मासा मांडला गेला तेव्हा या मोहिमेतून वाचलेले खलाशी परतून पाचेक महिने झाले होते. काळ जुळतो, आणि इथेच माया भाषेचा प्रवेश होतो.

माया भाषेतला ‘शोक’

मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पातल्या माया भाषेत मोठ्या शार्क माशासाठी ‘शोक’ असा शब्द आहे. त्याच ध्वनीचा दुसरा अर्थ ‘मोजणे, वाचणे’ असा होतो. आजच्या युकातेक बोलीतही वाचन आणि शिक्षण यांसाठी तोच शब्द चालतो. हे ध्वनिसाम्य मायांच्या लेखकांना ठाऊक होतं. शिलालेखांमध्ये दिवसांची मोजणी दाखवायला त्यांनी चक्क माशाचं डोकं काढलेलं आहे. एरिक थॉम्प्सन या माया-अभ्यासकानं १९४४ मध्ये हे उलगडून दाखवलं. यशचिलान नगरीच्या एका राणीच्या नावातही हाच ‘शोक’ आहे, आणि तिची सुंदर कोरीव शिल्पं आज लंडनमध्येच, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

टॉम जोन्स या अभ्यासकानं १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे धागे एकत्र बांधले. हॉकिन्सची जहाजं मेक्सिकोच्या आखातात होती. युकातानच्या किनाऱ्यावर माया लोक होते. त्यांच्याकडे या माशासाठी ‘शोक’ हा शब्द होता. खलाशी परत आले आणि काही महिन्यांतच लंडनच्या पत्रकात ‘शार्क’ अवतरला. तोवर इंग्रजीत हा शब्द सापडत नव्हता. वाचणाऱ्याला ही जुळणी पटली नसती तरच नवल.

मला स्वतःला ही कथा आवडते. जिंकलेल्यांच्या भाषांवर अमेरिका खंडात जे अत्याचार झाले ते पाहता, माया भाषेचा एक शब्द साऱ्या जगाच्या तोंडी बसला असता तर आनंदच वाटला असता. पण आवडणं हा पुरावा नव्हे, आणि ही कथा दोन ठिकाणी आधीपासूनच कच्ची होती.

पहिलं ठिकाण उच्चाराचं. आजच्या लंडनकराच्या तोंडी ‘शार्क’मधला र जवळजवळ ऐकूच येत नाही, तो ‘शाऽक’ म्हणतो. त्यामुळे ‘शोक’ आणि ‘शाऽक’ कानाला जवळचे वाटतात. पण १५६९ चा इंग्रज हा र स्पष्ट उच्चारत होता. तो गळायला पुढे निदान दीड-दोन शतकं जावी लागली. माया शब्दात र नाहीच, आणि स्वरही निराळा. म्हणजे आजच्या उच्चारावर भिस्त ठेवून चार शतकांपूर्वीचं नातं जोडलं गेलं.

नुसत्या ध्वनिसाम्याला किती किंमत द्यावी हे मराठी वाचकाला तर लगेच कळेल. माया ‘शोक’ आणि आपला दुःखवाचक ‘शोक’ कानाला एकच आहेत. इंग्रजी ‘शार्क’पेक्षा आपला शब्द त्या माया शब्दाच्या किती तरी जवळ आहे, आणि तरी या दोघांचा काडीचा संबंध नाही. आपला शब्द संस्कृतातल्या ‘शुच्’ धातूपासूनचा, त्याची सगळी वंशावळ हाताशी आहे. दोन भाषांत हजारो शब्द असतात, त्यात दोन-चार जोड्या योगायोगानं जुळणारच.

दुसरं कच्चं ठिकाण प्रवासाचं. हॉकिन्सच्या माणसांचा महिनोन्महिने संबंध आला तो स्पॅनिश बोलणाऱ्या बंदरांशी. तिथे या माशाला ‘तिबुरोन’ म्हणत. हा शब्द स्पॅनिश लोकांनी अमेरिकेतल्याच एखाद्या मूळ भाषेतून उचलला असं मानलं जातं. इंग्रजांनाही तो अनोळखी नव्हता: रिचर्ड ईडननं १५५५ मध्ये छापलेल्या भाषांतरांतून तो इंग्रजीत येऊन बसला होता. म्हणजे हॉकिन्सच्या खलाशांना परदेशी नाव उचलायचं असतं तर सोपं, चालतं, छापलेलं नाव समोर होतं. ते सोडून, जिथे त्यांचा मुक्काम झाल्याचं दिसत नाही अशा किनाऱ्यावरच्या भाषेतला शब्द त्यांनी का घ्यावा? सान हुआन दे उलुआ हा भाग तर माया बोलणाऱ्यांचा नव्हेच.

एवढ्यानं सिद्धान्त दुबळा होतो, पण पडत नाही. अशा शंकांना उत्तरं काढता येतात. एखाद्या पकडलेल्या जहाजावर माया खलाशी असेल, एखाद्यानं चुकीचं ऐकलं असेल. ‘असेल’ला अंत नसतो.

१४४२

सिद्धान्त पडला तो एका तारखेनं.

मध्ययुगीन इंग्रजीचा एक प्रचंड कोश अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात अनेक दशकं खपून तयार झाला आणि २००१ मध्ये पूर्ण झाला. त्यात ‘शार्क’ या शब्दाची एकच, एकाकी नोंद आहे. अर्थ समुद्री मासा. मूळ ठिकाण थॉमस बेकिंग्टनचं एक पत्र, साल १४४२.

हा बेकिंग्टन राजा सहावा हेन्री याचा सचिव होता आणि पुढे बाथ आणि वेल्सचा बिशप झाला. १४४२ मध्येच तो राजाच्या लग्नाची बोलणी करायला समुद्रमार्गे बोर्दोला गेला होता. तेव्हा बोर्दो आणि आसपासचा गॅस्कनी प्रांत इंग्लंडच्या ताब्यात होता, तो १४५३ मध्ये गेला. द्राक्षारसाची पिंपं भरून आणायला इंग्रज जहाजं दरवर्षी बिस्केच्या उपसागरातून ये-जा करत, आणि त्या पाण्यात मोठे शार्क असतात.

आता वर्षं मांडून पाहा. कोलंबस निघाला १४९२ मध्ये, या नोंदीनंतर ५० वर्षांनी. युरोपीय आणि माया लोकांची पहिली ज्ञात गाठ पडली १५०२ मध्ये, होंडुरासजवळच्या समुद्रात, कोलंबसच्या चौथ्या सफरीत एक मोठी माया होडी समोर आली तेव्हा. १४४२ मध्ये कुठल्याही इंग्रजाच्या कानावर माया भाषेचा शब्द पडणं शक्यच नव्हतं. माया ‘शोक’ इथे बाद होतो.

कुणी म्हणेल, एकच नोंद, आणि ती १५६९ च्या १२७ वर्षं आधीची. मधे सगळं रिकामं. हा शब्द निराळा आणि तो निराळा असं नसेल कशावरून? शंका रास्त आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. एकाच भाषेत, एकाच ध्वनीचे, दोन्ही समुद्री माशाचेच, तरीही एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द निपजावेत, ही शक्यता फारच लहान आहे. आणि मधल्या रिकाम्या जागेचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. हा शब्द ज्यांच्या तोंडी होता ते खलाशी आणि कोळी होते. ते लिहीत नव्हते. राजाचा सचिव समुद्रावर गेला म्हणून तो एकदा कागदावर आला; फ्लीट स्ट्रीटवर तमाशा मांडला म्हणून दुसऱ्यांदा आला. एरवी तो जहाजांवर आणि धक्क्यांवर जगत राहिला.

आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये छापला. त्यात पहिल्यांदा छापलेले किती तरी शब्द त्याआधी शेकडो वर्षं किनाऱ्यावर, शेतात, माजघरात नांदत होते. ते १८३१ मध्ये जन्मले असं आपण म्हणत नाही. वर्सोव्याच्या किंवा मालवणच्या कोळणीच्या तोंडी मुशीच्या जातींना जी नावं आहेत, त्यांतली कितीतरी कोशात अजूनही गेलेली नाहीत. पहिली नोंद सांगते ती एवढंच, की शब्द त्याच्यानंतरचा नाही.

सी. आर.चं वाक्यही आता वेगळं वाचता येतं. ‘खास नाव मला माहीत नाही’ हे लंडनमध्ये बसलेल्या लेखकाचं अज्ञान आहे, इंग्रजी भाषेचं नव्हे. लहान शार्कसाठी इंग्रज कोळ्यांकडे कुत्र्यावरून पडलेली नावं होतीच. मोठा, खोल समुद्रातला मासा मात्र लांब पल्ल्याच्या खलाशांच्या ओळखीचा. म्हणून नाव विचारायला गेले ते हॉकिन्सच्या लोकांकडे. त्यांनी समुद्रावरचा जुना शब्द सांगितला.

मग ठगाचं काय?

माया बाद झाल्यावर उरतो तो जर्मन-डच बाजूचा तर्क, आणि आज अनेक ठिकाणी तोच उत्तर म्हणून दिला जातो. डचमध्ये ‘स्खुर्क’, जर्मनमध्ये ‘शुर्के’. दोन्हींचा अर्थ बदमाश, लफंगा. इंग्रजीतही ‘शार्क’ म्हणजे लोकांना लुबाडून जगणारा माणूस. आजही पिळवणूक करणाऱ्या सावकाराला तिकडे हाच शब्द लावतात. तर्क असा, की आधी माणूस, मग त्याच्यावरून मासा.

या तर्कात काळाची अडचण नाही, कारण उत्तर समुद्रापलीकडच्या बंदरांशी इंग्रजांचा व्यवहार १४४२ च्याही आधीचा. पण माझं मन इथे घुटमळतं. इंग्रजीत लुबाडणारा माणूस या अर्थानं ‘शार्क’ ठळकपणे दिसतो तो १५९९ मध्ये, बेन जॉन्सनच्या नाटकातल्या एका पात्राच्या वर्णनात. ‘हॅम्लेट’मध्ये बेबंद माणसं गोळा करण्यासाठी या शब्दाचं क्रियापद आलंय, तेही त्याच सुमाराचं. म्हणजे कागदावर मासा आधी आणि माणूस १५७ वर्षांनी मागून. फ्लीट स्ट्रीटवरच्या प्रदर्शनानंतर ३० वर्षांत ठगाला हे नाव पडावं, यात माशावरून माणूस हा उलटा प्रवासही तितकाच सहज दिसतो. किंवा बदमाशाचा परदेशी शब्द वेगळा आला आणि माशाच्या नावात मिसळला, असंही झालं असेल.

पहिली नोंद म्हणजे जन्म नव्हे, हा नियम मायाच्या वेळी लावला तर ठगाच्या वेळीही लावायला हवा. ठगाचा अर्थ १५९९ च्या आधी बोलण्यात असू शकतो. म्हणून या तारखांच्या जोरावर मी तो तर्क खोडत नाही. पण तो सिद्ध झालाय असं लिहिलेलं दिसलं की मला ते पटत नाही. तिथेही अर्थ जुळतो, ध्वनी बऱ्यापैकी जुळतो, आणि एका शब्दातून दुसरा निघाल्याचा लेखी दुवा हातात नाही. ‘शोक’च्या वेळी नेमकी हीच परिस्थिती होती.

हा दुवा मिळालाच तर तो पंधराव्या शतकातल्या कागदांत मिळेल. प्लिमथ, ब्रिस्टल, सँडविच अशा बंदरांतल्या जकातीच्या नोंदी, बोर्दोच्या मद्यव्यापारातल्या जहाजांचे हिशेब, डच बंदरांतले खटले. त्यात १४४२ च्या आधी बदमाश माणसासाठी हा शब्द इंग्रजीत दिसला, तर ठगाचं पारडं खरोखर जड होईल. डच कागदांत मोठ्या माशासाठीच असा काही शब्द आढळला, तर माणसाला मधे आणायचं कारणच उरणार नाही. तोवर कोशात ‘शार्क’पुढे ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असंच लिहिलेलं राहायला हवं, आणि मायाची कथा सांगणाऱ्यानं १४४२ हे साल सोबत सांगायला हवं.